आई स्वयंपाकघरात आहे

आई अंबडच्या घरात एकटी राहते. एकदा साखर उतरून ती न्हाणीत पडली आणि शेजारच्या काकूंना बऱ्याच वेळानं कळलं. तेव्हापासून पुण्यात माझ्या जिवाला घोर लागला. पुण्याला ये म्हटलं तर ती ऐकेल तर शपथ! शेवटी मी अंबडला जाऊन तिच्या प्रत्येक खोलीत एकेक चपटी डबी चिकटवली. आईचा मोबाईल ज्या डबीजवळ असेल ती खोली मला माझ्या मोबाईलवर दिसणार, आणि तो घराबाहेर गेला की निरोप येणार.

त्याच दिवशी आई कढीपत्ता आणायला काकूंकडे गेली आणि माझा फोन वाजला. ‘आई गेली.’ कुणा शहाण्यानं यंत्राकडून मराठी करून घेतलं असणार. मला हसू आवरेना. आई आल्यावर तिला दाखवलं. ती हसली नाही.

“बाई, असं न्हाई बोलत. जाताना येते म्हणावं.”

ते शब्द बदलायची सोयच अ‍ॅपमध्ये नव्हती. तसला निरोप मात्र पुन्हा आला नाही. वय झालं, घरात बसते, बरंच आहे, असं मी म्हटलं. माझ्या मोबाईलवर आईचं निळं टिंब मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत फिरायचं, आणि ते बघून मला बरं वाटायचं.

मग एका सकाळी आई फोन उचलेना. टिंब स्वयंपाकघरात होतं. पुन्हा पुन्हा लावला, तरी नाही. घराची दुसरी चावी शेजारच्या काकूंकडे असते; त्यांना फोन लावला.

“काकू, पळा. आई स्वयंपाकघरात आहे आणि फोन उचलत नाहीये.”

काकू फोन कानाला लावूनच गेल्या. “बाहेरून कुलूप हाय की गं.”

“उघडा आधी.”

कुलूप निघाल्याचा आणि मग त्यांच्या चपलांचा आवाज आला. “इथं कोणी न्हाई. फोन हाय, पिठाच्या डब्यावर.”

तेवढ्यात टिंब हललं. ‘आई मधल्या खोलीत आहे.’

“काकू, फोन उचललात?”

“न्हाई बा. हात बी न्हाई लावला.”

“मधल्या खोलीत बघा जरा.”

“कोणीच न्हाई इथं.”

काकू मधल्या खोलीतच होत्या आणि टिंब परत स्वयंपाकघरात गेलं, त्यांच्या पाठीमागे. तुमच्या मागं बघा, असं अगदी ओठांवर आलं होतं. काकूंचा श्वास मला ऐकू येत होता.

“तू काय बघून राह्यली तिकडं? मला भेव वाटून राह्यलं. मी निघते बाहेर.”

मला वाटलं, आई कुठंतरी खरंच गेली, आणि घरात जे फिरतंय ते... पुढचा विचार मी केला नाही.

एवढ्यात काकू शिंकल्या. मग ओरडल्या, “आली गं तुझी आई! मिरची कांडून आणायला गेल्ती!”

मी आधी रडले आणि मग आईशी कडाकडा भांडले. फोन घरी ठेवून जायचं कारण काय?

“मंग काय करू? मी उंबरा ओलांडला की तुझ्या हातात ‘आई गेली’ म्हणून येणार. तू तिकडं एकटी. असलं काही येऊ देऊ का मी?”

“कधीपासून ठेवून जातेस?”

“तू डब्या बसवून गेलीस तवापासून. घरात बी कुठं बाळगते? पिठाच्या डब्यावरच असतोय.”

ऑफिसातल्या एका जाणकारानं मला समजावलं. स्टीलच्या डब्यांच्या मांडणीवर फोनच्या लहरी आपटून इकडंतिकडं उडतात, म्हणून फोन जागेवर असला तरी टिंब भटकतं. त्याचं म्हणणं अगदी पटलं. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. मला एकटीनं घास गिळवत नाही. रोज दुपारी टिंब स्वयंपाकघरात आलं, की आई जेवायला बसली असं धरून मी ऑफिसात डबा उघडायचे. तेवढंच दोघींचं बरोबर जेवण. न राहवून मी तिला हे सांगितलं.

“दुपारी?” आई म्हणाली. “दुपारी मी कवा जेवते? एकटीसाठी कोण ताट वाढून घेतंय, बाई?”