तो पक्षी कुणाकडे बघतोय

आज दुपारी स्टुडिओत एक बाई पासपोर्टचा फोटो काढायला आल्या आणि त्यांच्या पिशवीतून सुक्या बोंबलांचा वासही आत आला. आमचा स्टुडिओ म्हणजे भाईंदर पूर्वेला, दोन मोबाइल रिपेअरवाल्यांच्या मधे चेपून बसलेली एक खोली. खिडकी नाही, एसी आहे, त्यामुळे आत आलेला वास भाडेकरूसारखा मुक्काम ठोकतो. शेठ काउंटरवरून मान न वळवता म्हणाले, "अरे, अगरबत्ती लगा." मी लावली, पण लांब, पार दाराजवळ. कारण मला तो वास जायला नको होता. फेब्रुवारी उतरणीला लागला की भाईंदरजवळच्या उत्तनचा सगळा किनारा याच वासाचा असतो. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील जोडीजोडीने टांगलेले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवलेला, जणू सगळे एकमेकांशी भांडता भांडताच वाळलेत. खाली ओली वाळू, पलीकडे मागे सरलेलं पाणी, आणि त्या दोघांच्या मधल्या चकचकीत पट्ट्यावर तुरुतुरु पळणारे पक्षी.

त्यांना चिखल्या म्हणतात. मुठीत मावेल एवढा जीव, वर मातकट, खाली पांढरा. चार पावलं पळायचं, गचकन थांबायचं, वाळूत चोच मारायची, परत पळायचं. थंडीत येतात, मार्च संपता संपता जातात. हे मला माझ्या मित्राने शिकवलं, आणि खरं सांगायचं तर आजचा हा सगळा लेख मी त्याच्यावर जळून लिहितोय. तुम्हीही कधी एखाद्या जवळच्या माणसावर मनापासून जळला असाल तर तुम्हाला कळेल, त्यात राग नसतो. राग आला असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळा झालो असतो. हा हेवा म्हणजे चपलेत शिरलेली वाळू. काढली म्हणून घरी येतो आणि रात्री अंथरुणात परत सापडते.

हा मित्र इथून एक स्टेशन अलीकडे पूनम सागरला राहायचा, मी तिथेच शांती नगरला आत्याकडे. बँकेच्या परीक्षेच्या फॉर्मला फोटो हवा म्हणून तो स्टुडिओत आला होता. मी माझं रोजचं पाठांतर म्हणून दाखवलं, मान सरळ, हनुवटी किंचित वर, कान दिसू देत, हसू नका. तो हसला. का हसला विचारलं तर म्हणे, "तू आत्ता पासपोर्ट ऑफिसातल्या माणसाच्या आवाजात बोललास." बरोबर होतं ते. मला ती खोडच आहे. तालुक्याच्या शाळेत असताना मी हेडमास्तरांच्या आवाजात बाहेरून "शांत बसा" म्हणायचो आणि अख्खा नववीचा वर्ग गार पडायचा. मिक्सर, रिक्षाचं मीटर, फोनवर गिऱ्हाइकाला "हो जाएगा, हो जाएगा" म्हणणारे आमचे शेठ, सगळं माझ्या गळ्यात राहतं. माझा स्वतःचा आवाज मात्र कसा आहे ते मला नीट सांगता येणार नाही.

मग दर रविवारी त्याच्या स्कूटरवर मागे बसून मी उत्तनला जायला लागलो. शेठचा जुना कॅमेरा माझ्या गळ्यात. तो जायचा कधी, तर भरती सुरू व्हायच्या बेताला. कुठल्यातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स त्याने कापून आणलेला, तो वाळूवर पसरायचा आणि त्या हात जोडलेल्या पुढाऱ्याच्या तोंडावर पोट ठेवून आडवा व्हायचा. बस्स. मग काही नाही. हलायचं नाही, बोलायचं नाही, डास चावला तर चावू द्यायचा. पाणी हळूहळू चढायचं, वाळूचा पट्टा अरुंद होत जायचा, आणि पाण्याच्या कडेने चरणारे पक्षी आपोआप मागे मागे सरकत त्याच्या दिशेने यायचे. तो पक्ष्यांकडे जायचाच नाही. समुद्र त्यांना त्याच्याकडे आणून सोडायचा.

मी मात्र त्यांच्या मागे पळायचो. कधी वाकून, कधी गुडघ्यावर, कधी सिनेमातल्या हवालदारासारखा होडीआडून. एकदा तुतारी नावाच्या दुसऱ्या एका बारक्या पक्ष्याची शीळ इतकी हुबेहूब घातली की मलाच वाटलं आता रांगेने येतील. सगळे उडाले. "आवाज नको काढूस रे," तो वाळूत हनुवटी टेकवूनच म्हणाला, "जेवतायत ते. तू जेवताना कुणी तुझ्या आत्याच्या आवाजात हाक मारली तर?" म्हटलं, पळून जाईन. "मग." त्या दोन वर्षांत माझ्याकडे उडत्या पक्ष्यांच्या पाठमोऱ्या फोटोंचा एवढा साठा झाला की मागून बघून मी कुठलाही पक्षी ओळखतो. त्याच्याकडे डोळे जमत गेले, माझ्याकडे शेपट्या.

बरं, पक्ष्यांचं सोडा. माणसंही त्याच्याकडेच सरकायची. काठ्यांवर बोंबील टांगणारी एक मावशी होती, उत्तनचीच, गळ्यात क्रूस, डोक्याला पदर गुंडाळलेला. ती त्याला वाळूत जाऊन चहा द्यायची. मला म्हणायची, "तू बस गप. तुजा पाय एका जागी न्हाय, चहा सांडशील." तिचा कुत्रा होता, टायगर. बोंबलांवर बसणाऱ्या कावळ्यांना आणि बगळ्यांना हाकलणं ही त्याची नोकरी, आणि ती तो मन लावून करायचा. माझ्यावर तो प्रत्येक वेळी नव्याने भुंकायचा. माझ्या मित्राच्या मात्र शेजारी जाऊन झोपायचा. घरी यावं तर आत्या मोबाइलवर त्याचेच फोटो बघत बसलेली. "पोटावर झोपून का होईना, तो काहीतरी करतोय," ती म्हणायची, "तू रविवारी पाठीवर झोपायचास."

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये त्याचा बँकेचा निकाल लागला. पोस्टिंग कुठे ते यायचं होतं, पण मुंबईच्या बाहेर हे नक्की. आणि त्याला एक फोटो हवा होता. मार्चमध्ये या चिखल्यांना रंग चढतो, हे मी तोवर नीट पाहिलंच नव्हतं. थंडीभर मळक्या बनियनसारखे दिसणारे पक्षी, जायची वेळ आली की त्यांच्या छातीवर भाजलेल्या विटेचा तांबूस रंग उमलायला लागतो. इथे आपल्याकडे असेपर्यंत साधे राहतात आणि निघताना नटतात. हेही मनाला लागलं, खोटं कशाला बोलू. तसा पुरा रंगलेला एक पक्षी त्या थव्यात होता आणि तीन रविवार तो बाकीच्यांच्या मागे मागेच राहिलेला. "हा एक जवळ आला ना," मित्र म्हणाला, "की मी सुखाने जाईन." इतकं साधं काही मागणाऱ्या माणसाचाही हेवा वाटतो मला.

त्याचा तो उत्तनचा शेवटचा रविवार. पाणी चढत होतं. तो आडवा, मी त्याच्या मागे बऱ्याच अंतरावर, कलंडलेल्या होडीला टेकून उभा. थवा सरकत आला आणि त्यातून तो तांबूस पक्षी एकटाच पुढे आला. चार पावलं, थांबला. परत चार पावलं. मित्राच्या इतका जवळ की मला वाटलं आता हा भिंगावर चोच मारणार. माझ्या घशात त्या क्षणी काय होतं माहितेय? टायगरचं भुंकणं. मला ते हुबेहूब येतं. एकदा भुंकलो असतो की किनारा रिकामा. मी काही तसा माणूस नाही, पण घसा आपला तयार होऊन बसला होता, हे खरं.

आणि तेवढ्यात खरा टायगर निघाला. काठ्यांखालून उठला, त्याने तो बारका जीव पाहिला आणि त्याला आपली नोकरी आठवली. वाळू उडवत सरळ रेषेत सुटला. मित्राची त्याच्याकडे पाठ, त्याला काही दिसत नव्हतं. मावशी घरात चहा टाकायला गेलेली. माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी ठरवलं नव्हतं. "ए टायगर, तिथं काय हाय तुजं? ये हिकडं." मावशीचा आवाज. तिचा तो शेवटी वर चढणारा सूर, 'हिकडं'नंतरची जिभेची टकटक, सगळं. कुत्रा जागच्या जागी थांबला, शेपूट खाली घातली आणि कान पाडून परत फिरला. बाकीचा थवा उडाला, पण तो तांबूस पक्षी राहिला. त्याने फक्त मान तिरकी केली आणि एक काळाभोर डोळा आवाजाच्या दिशेला लावला. कॅमेऱ्याची कटकट मला होडीपर्यंत ऐकू आली.

मित्र उठला तेव्हा त्याच्या छातीवर पुढाऱ्याच्या नावातली दोन अक्षरं उलटी उमटली होती. मावशी चहा घेऊन येत होती. तो तिच्याकडे जवळजवळ पळतच गेला. "मावशी, तुम्ही आज वाचवलंत. हाक मारली नसती तर गेला असता पक्षी." मावशीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा टायगरकडे. मग शांतपणे म्हणाली, "माजं आयकतोच तो. न्हाय आयकला तर जेवान न्हाय." आणि त्याला चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त दिली. मी होडीपाशी उभा. सांगावंसं वाटलं, अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं असतं तर ती माझी आणखी एक गंमत झाली असती, सगळे हसले असते आणि विषय संपला असता. नक्कल करणाऱ्याचं असंच असतं. अगदी उत्तम जमली तर कुणाला कळतच नाही, आणि टाळ्या पडल्या तर समजायचं कुठेतरी पकडलो गेलो.

तो फोटो मीच छापला, मीच फ्रेम केला. शेठना इतका आवडला की त्यांनी मागून घेतला, आणि तेव्हापासून तो आमच्या स्टुडिओत कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर आहे. मान कलती, छातीवर विटेचा रंग, एक डोळा चौकटीच्या बाहेर कुठेतरी लागलेला. येणारा प्रत्येक माणूस त्या डोळ्याबद्दलच बोलतो. कुणी म्हणतं जोडीदाराला शोधतोय, कुणी म्हणतं समुद्र बघून घेतोय एकदा. शेठ म्हणतात, "सोच रहा है, जाऊं कि रुकूं." मी पुढच्या गिऱ्हाइकाला मान सरळ करायला सांगतो. एकदा मात्र दुकान रिकामं असताना कॉम्प्युटरवर तो डोळा मोठा मोठा करत गेलो, आत होडी आणि मी दिसतोय का ते बघायला. नुसते काळे चौकोन दिसले.

मित्राला पोस्टिंग मिळालं लेहला. गेल्या उन्हाळ्यात त्याने तिथल्या एका तळ्याच्या काठावरचा फोटो पाठवला. तोच चिखल्या, तसाच तांबूस, आणि पायाशी कापसाच्या बोळ्याएवढं पिल्लू. खाली लिहिलेलं, 'बघ, हे तुमच्याकडून इथे येतात.' झालं. म्हणजे मार्चपर्यंत मी सांभाळायचे आणि नटूनथटून जायचे ते याच्याकडे. आत्याला दाखवलं तर ती म्हणाली, "पक्ष्यांनाही कळतं." त्यानंतर दोन दिवस मी तिच्याशी तिच्याच आवाजात बोललो.

गेल्या रविवारी मी एकटा उत्तनला गेलो. फ्लेक्स घेऊन, पुढारी तोच, वाढदिवस पुढचा. भरतीच्या बेताला पोटावर आडवा झालो आणि, कुणाचा विश्वास बसणार नाही, हललो नाही. वाळूचा गारवा शर्टातून आत आला. पाणी चढलं. टायगर आता म्हातारा झालाय, काठ्यांखालून त्याने एक डोळा उघडला आणि मिटला. थवा सरकत सरकत आला, आणि त्यातला एक, छातीवर नुकती तांबूस झाक धरलेला, माझ्या समोर येऊन उभा राहिला. मी बटण दाबलं. पक्ष्याचा डोळा अखेर मला मिळाला होता.

उठलो तेव्हा मावशी काठ्यांवरून बोंबील उतरवत होती. "तो दुसरा न्हाय आला?" तिने विचारलं. म्हटलं, लांब गेलाय. तिने चहा दिला मला. कपाकडे बघत म्हणाली, "आज तुजा पाय हलला न्हाय." मग पाटीत बोंबील रचता रचता, "आनि हाक पन न्हाय मारलीस." मी तिच्याकडे पाहिलं. ती बोंबलांकडे बघत होती.

स्टुडिओत येऊन फोटो उघडला. स्वच्छ होता, पीस न् पीस वेगळं दिसत होतं. आणि पक्षी सरळ कॅमेऱ्यात बघत होता. मान सरळ, हनुवटी किंचित वर, हसणं नाही. पासपोर्ट साइज कापला असता तर कुठल्याही देशाने व्हिसा दिला असता. मी भिंतीवरच्या त्या दुसऱ्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्या फोटोकडे, परत भिंतीकडे. आणि नेहमीची ती वाळू पायाला टोचली, पण या वेळी जरा वेगळ्या ठिकाणी. त्याच्या कॅमेऱ्याचा, त्याच्या धीराचा, त्याच्या लेहच्या तळ्याचा हेवा मी करत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचा हेवा वाटला तो एवढ्यासाठीच, की त्याच्या मागे, होडीला टेकून, कुणीतरी उभं होतं. माझ्या मागे नुसता किनारा होता.

आजच्या त्या बाई स्टुलावर बसल्या तेव्हा मी माझं पाठांतर सुरू केलं. मान सरळ, हनुवटी वर. पण त्यांची नजर माझ्या डोक्यावरून भिंतीवर गेली. "हा पक्षी कुणाकडं बघतोय ओ?" त्यांनी विचारलं. मी माझ्या आवाजात, म्हणजे जो काही असेल त्या आवाजात, म्हणालो, "मागे कुणीतरी असेल उभं." त्या बघत राहिल्या, मान आपोआप थोडी कलती झाली, आणि माझं बोट बटणावर पडलं. पासपोर्टला चालत नाही तसला फोटो. दुसरा सरळ काढून दिला, पिशवी उचलून त्या गेल्या. पहिला अजून कॉम्प्युटरवर आहे आणि अगरबत्ती विझलीय. बोंबलांचा वास मात्र अजून इथेच आहे.