बारा फूट वायर

गेली एकोणीस वर्षं आमची आत्या लोकांनी फेकलेलं प्लास्टिक निवडते. दूधपिशवी कुठली, शाम्पूची बाटली कुठली, डोळे मिटूनही तिच्या हाताला कळतं. गुडघे मात्र कामातून गेलेत. निवडलेला माल ती आणि तिच्या दहा सोबतिणी खोक्यात घालून पायांनी तुडवतात, मग गठ्ठे बांधतात. हे ढिले गठ्ठे माल घेणाऱ्या कंपनीने दोनदा परत धाडले. तिसऱ्यांदा आले तर त्या काम करतात त्या शेडला कुलूप, अशी चिठ्ठीही आली.

दाबायचं मशीन नाही असं नाही. आठ महिने शेडमध्येच उभं आहे, साहेबासारखं, काही न करता. कचऱ्याचं सोनं करायला तिघांनी भागीदारी केली: मशीन कंपनीचं, शेड पालिकेची, बायकांना शिकवायचं काम एका समाजसेवी संस्थेचं. मीटरपासून मशीनपर्यंतची बारा फूट वायर कोणी टाकायची, एवढंच करारात लिहायचं राहिलं. आत्याने तिन्ही दारं झिजवली. प्रत्येकाने चहा पाजून पुढच्या दाराचा पत्ता दिला.

"दोन घरचा पाहुणा उपाशी. माझी तर तीन घरं," ती म्हणाली.

मी अक्कल पाजळली, "आत्या, आपणच टाकू की वायर."

"आणि शेड पेटली तर? तेव्हा तिघंही एका सुरात सांगतील, म्हातारीने केलं."

भागीदारीच्या वर्षपूर्तीच्या फोटोसाठी तिघांचे साहेब एकदाचे शेडमध्ये आले. मी डबा द्यायला गेलो होतो. बायकांना मशीनशेजारी उभं केलं, तशी आत्या म्हणाली, "साहेब, चालू मशीनचा काढा. हे तर लग्नात झोपलेल्या नवऱ्यासारखं दिसतंय."

हशा पिकला. कंपनीच्या साहेबांनी बटण दाबलं. मशीन गप्प. हशाही गप्प. कंपनीने पालिकेकडे पाहिलं, पालिकेने संस्थेकडे, संस्थेच्या बाईंनी छताकडे.

शेवटी पालिकेच्या वायरमनने फोटोपुरती वायर जोडली. पहिला गठ्ठा विटेसारखा घट्ट निघाला. फोटो झाला. वायरमन वायर गुंडाळायला वाकला, तोच आत्याने तो गठ्ठा वायरवर सरकवला आणि वर बसली.

"मावशी, उठा. वायर परत न्यायचीय."

"पाय भरून आलेत रे बाबा. ही कोणाची ते तिघांनी लिहून द्यावं, मग उठते."

साहेबांना पुढचा कार्यक्रम गाठायचा होता. अर्ध्या तासाने गाडीच्या बॉनेटवर तिघांनी सह्या केल्या: वायर तिघांची. कागद घेऊन मी आत गेलो, तर आत्या बसल्या जागी झोपली होती. उठवायचं माझ्या जिवावर आलं. वायरमनही वायर तिथेच सोडून गेला.