पियानोच्या मागे बसलेले अण्णा

मंडळी, आज अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला भर एसटीत लाजवलं आणि मग रडवलंही.

दुपारी आम्ही वसमतहून शिरड शहापूरला परत येत होतो. मी एका सिनेमातला पियानोचा तुकडा ऐकत होते. शब्द नाहीत, तबला नाही. सहा-सात सूर अगदी हळू वाजतात, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा तसेच सूर.

"काय ऐकून राहिली गं?" अण्णांनी विचारलं, म्हणून एक इयरफोन त्यांच्या कानात घातला.

पियानो थांबला आणि अण्णांनी तीच ओळ मोठ्यानं गुणगुणली. पुढच्या वेळी थांबला, तेव्हाही. आख्खी बस वळून बघायला लागली.

"अण्णा, यात आपण म्हणायचं नसतं," मी हळूच म्हटलं.

"मग त्यो काहून थांबून राहिला?"

तेव्हा मला भजन आठवलं. अण्णा आयुष्यभर भजनात टाळ घेऊन मागे बसले. पुढे त्यांचे दोस्त गंगाधरकाका पेटीवर एक ओळ म्हणून थांबायचे आणि अण्णा ती उचलून धरायचे. काका गेल्यापासून अण्णांच्या तोंडून एक ओळही ऐकली नव्हती.

तुकडा संपला. "पुन्यांदा लाव. मागून कोनी धरलं न्हाई तर पुढचा येकटा पडतो माय."

घरी येऊन तीन तास झाले. आता दोन्ही इयरफोन त्यांच्याच कानात आहेत. असे मध्येच थांबणारे तुकडे तुमच्याकडे असतील तर पाठवाल का?