उकिडव्या बाई

आमच्या बाई मुलाशी कधी उभ्याने बोलल्या नाहीत. पोर समोर आलं की पदर सावरून उकिडव्या बसायच्या, आणि डोळ्याला डोळा आला की मगच तोंड उघडायच्या. रस्ता असो, जिना असो, गिरणी सुटल्याची गर्दी असो. लोक वळसा घालून जायचे. डिलाईल रोडच्या चाळींनी त्यांचं नावच पाडलं, उकिडव्या बाई. त्यांना ते ठाऊक होतं. "चांगलंय गं," म्हणायच्या, "छडीवाल्या बाईपेक्षा बरं."

कारण त्या आधी छडीवाल्याच होत्या. गिरगावात मोठ्या शाळेत शिकवायच्या. एकदा एक मुलगा बाहेर जाऊ का म्हणून विचारत राहिला, यांनी बसवून ठेवलं, आणि त्याची चड्डी भरवर्गात ओली झाली. पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत येईना. बाई त्याच्या घरी गेल्या, तर तो खाटेखाली. "वर्षभर मला त्याचा नुसता भांग दिसत होता, लक्ष्मी," त्या मला म्हणाल्या होत्या. "खाटेखाली वाकले तेव्हा चेहरा दिसला." तो काही बाहेर आला नाही. बाईंनी शाळा सोडली आणि आमच्या चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्या घेऊन ही चिमुकली शाळा काढली. मी तिथे केर काढायची, पाणी भरायची, पोरांना उसळ करून घालायची. शाळेत मी कधी गेलेच नव्हते. अक्षरं शिकले ती तिथेच, पोरांच्या मागे बसून.

शाळेला घंटा नव्हती, बाकं नव्हती. नियम मात्र होते, आणि ते मोठ्यांसाठी. मुलाला काही विचारायचं तर खाली बसून विचारायचं. उभ्याने विचारलं तर मुलाने उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. आणि कोपऱ्यात रे रोडच्या वखारीतून आणलेलं एक भलंमोठं देवदारी खोकं होतं, त्याला सुताराकडून दार कापून घेतलेलं. ते पोरांचं घर. त्यात मोठ्यांनी विचारल्याशिवाय जायचं नाही. चाळीतल्या बायका मला चिडवायच्या, "काय गो लक्ष्मे, आज पोरांनी बाईंना काय शिकवल्यानी?"

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. सकाळी शांत असलेला रस्ता दुपारी पेटायचा. एक दिवस अशीच पोरं उसळ खात होती आणि नाक्यावर आरोळ्या सुरू झाल्या. अश्रुधुराने डोळे चुरचुरायला लागले. बाईंनी ओल्या फडक्यांनी पोरांची तोंडं पुसली. मी दार लावणार, तेवढ्यात माझा धाकटा भाऊ, बाळा, धडपडत आत शिरला. "बाय, दार लाव! पोलीस इलेत मागसून!" कपाळातून रक्त. गिरणीत नुकता चिकटला होता पोरगा, घरात कमावता तोच. मी त्याला खोक्याकडे ढकललं.

खोक्याच्या दारात सहा वर्षांची शकू उभी. "विचार आधी," ती म्हणाली.

बाळा रडायच्या बेतात. तरी म्हणाला, "आत येऊ?"

"ये. पण चप्पल बाहेर काढ."

त्याने काढली. तो आत गेला आणि मी पायानेच चपला चटईखाली सारल्या.

लगेच हवालदार दारात, मागे दोन शिपाई. "इकडे कोण आलं?" बाई उठून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "ही शाळा आहे. मुलं घाबरतील, आवाज खाली ठेवा." हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. हवालदार पोरांवर ओरडला, "बोला रे, कोण आलं?" एकानेही तोंड उघडलं नाही. उभ्याने विचारलं होतं ना! मी मनात देवीला हात जोडले. बाईंच्या नियमाने वाचवलं म्हटलं.

आणि तो माणूस खाली बसला हो. त्यालाही घरी पोरंबाळं असणार. टोपी काढली, काठी जमिनीवर ठेवली, शकूच्या डोळ्यांत बघून हळू विचारलं, "बाळ, कुणी दादा आला का गं?"

शकूने बाईंकडे पाहिलं. मी मागून डोळ्यांनी नको नको म्हणत होते. बाईंनी नुसती मान हलवली असती तरी पोर गप्प राहिली असती. बाईंनी मान खाली घातली.

"आला ना," शकू म्हणाली. "आमच्या घरात आहे. विचारून आलाय."

बाळाला ओढून नेलं. "मारू नका, तो पाहुणा आहे," असं शकू ओरडत होती.

त्यानंतर चाळ उलटली. शकूला पोरं फितूर म्हणायला लागली, बापाने बडवलं. निम्मी मुलं यायची बंद झाली. आमच्या आईने अन्न सोडलं. मी बाईंना तोंडावर विचारलं, "एक खोटं शिकवलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं?" बाई म्हणाल्या, "तेच मी रोज शोधते."

शकू शाळेत यायची, पण तडक खोक्यात. बोलणं बंद, खाणं बंद. बाई दारापाशी उकिडव्या बसून राहायच्या, ती तोंड फिरवायची. शेवटी बाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि मला म्हणाल्या, "तिला माझ्याकडून काही नकोय. तुझ्याकडून हवंय."

"मला नाही जमायचं," मी म्हटलं. "भाऊ माझा तुरुंगात गेलाय."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या आणि मोरीकडे निघून गेल्या.

मी तशीच उभी. वरून मला शकूच्या दोन वेण्या दिसत होत्या, बस. मग काय झालं कोण जाणे, बसले. वाकून आत पाहिलं. केवढंसं ते तोंड! आणि मांडीवर बाळाच्या चपला. पोलिसांनी त्याला अनवाणी नेलं होतं.

"त्याचे पाय भाजत असतील," शकू म्हणाली. किती दिवसांनी बोलली.

"जप त्या," मी म्हटलं. "तो आला की तूच दे. आणि आधी उसळ खा." दारातून वाटी सरकवली. ती खायला लागली, तेव्हा माझं रडं बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पोरांना माझ्यासमोर बसवलं. "आजपासून गोष्ट ताई सांगतील." मी घाबरले. "अहो, मला काय येतं?" तर म्हणाल्या, "बसता येतं ना?" अशी मी शिक्षिका झाले.

बाळा सुटून आला. तो शाळेच्या दारात उभा राहिला, तशी शकू चपला घेऊन पुढे झाली, पण देईना. मान वर करून नुसती बघत राहिली. बाळाला कळेना. मी म्हटलं, "खाली बस रे." तो बसला, आणि तिने एकेक चप्पल त्याच्या पायात घातली.

पुढे बाईंचे गुडघे गेले, मग बाकी सगळंच. परळच्या इस्पितळात शेवटची भेटले तेव्हा मी खाटेशी उभी राहून काय काय बोलत होते, शाळेचं, पोरांचं. त्यांचं लक्षच नव्हतं. हात हलवून त्यांनी खाली खूण केली. मी जमिनीवर बसले, तोंड उशीच्या बरोबरीला आणलं.

"हां," बाई म्हणाल्या. "आता दिसलीस."