गोपीनाथचा काटकोन

चेंदणी कोळीवाड्यातला गोपीनाथ हा माझा मुलगा. नाटकातला. खरं तर तो माझ्याहून फार लहान नव्हता, पण आमच्या हौशी मंडळात त्याची आई व्हायची पाळी दर वेळी माझ्यावरच यायची. त्यामुळे भर बाजारातही तो मला "आये" अशी हाक मारी आणि भाजीवाल्या माझ्याकडे नव्या नजरेने पाहू लागत.

त्याचं पाठांतर मात्र अजब. नाटकातले सगळ्यांचेच संवाद त्याला पाठ. त्याचा प्रवेश सुरू झाला की प्रॉम्प्टर खुशाल चहाला जाई. अशा माणसाचं घोडं दहावीच्या गणितात अडलं होतं. मानपाड्याच्या कारखान्यात तो हेल्पर होता. शहाऐंशी साली कंपनीने जाहीर केलं की दहावी पास असेल त्याला मशीनवर कायम करू, बाकीच्यांनी दिवाळीनंतर दुसरीकडे बघावं. त्याचे इतर विषय केव्हाच सुटले होते. राहिलं होतं ते गणित.

मार्चच्या परीक्षेसाठी त्याने पायथागोरसचं प्रमेय बसवलं. हो, बसवलंच. पक्ष आणि साध्य खर्जात, रचनेला जरा चढा आवाज, आणि सिद्धता अशी की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पेपरात नेमकं तेच प्रमेय आलं, पण त्रिकोण पीक्यूआर, आणि तोही आडवा पडलेला. गोपीनाथने एबीसीची सिद्धता शब्दन् शब्द लिहिली आणि तो नापास झाला. मी म्हटलं, अरे, तिथे त्रिकोण दुसरा होता ना?

"तो आपल्या नाटकात नाही, आये."

माझ्या खालच्या मजल्यावर डोरोथी राहायची. शाळेत गणित शिकवायची. ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी मी त्याला तिच्यासमोर नेऊन बसवलं. तिने त्रिकोण काढून कागद फिरवला, तशी यानेही मान फिरवली. तिने अंगठ्याने अक्षरं झाकली, तर हा मुकाच झाला. डोरोथी मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाली, "याला काहीच येत नाही गं. पण बोलतो असा, की मलाच वाटतं मी चुकले."

ते त्याने ऐकलं. आपल्या डोक्यात गणिताचं यंत्रच बसवलेलं नाही, असा निकाल त्याने स्वतःच देऊन टाकला आणि शिकवणीला यायचं बंद केलं.

गणपतीत डोंबिवलीला आमचा प्रयोग होता. डोरोथीलाही मी ओढून नेलं. गोपीनाथच्या थोरल्या भावाचं काम करणारा कान्हा शीळफाट्याला एसटी बंद पडून तिथेच अडकला. आयत्या वेळी मंडळातल्याच दामाजीला त्याच्या जागी उभं केलं, आणि तो घाबरून भलत्याच विंगेतून आत आला. गोपीनाथ क्षणभरही अडला नाही. गर्रकन वळला आणि "दादा, तू मला घराबाहेर काढलंस" हे वाक्य त्याने दामाजीच्या छातीवर नेऊन सोडलं. दामाजीला खरोखरच घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी डोरोथीने त्याला निरोप पाठवून बोलावून घेतलं.

"काल कान्हा नव्हता. तुझं नाटक कसं नाही मोडलं?"

"दामाजी होता ना, टीचर."

"तो तर उलट्या बाजूने आला."

"मग मी वळलो. भाऊ कोणी का करेना, कुठूनही का येईना. माझी तक्रार भावाकडे, तर तोंडही त्याच्याकडेच."

डोरोथीने पुढ्यात आडवा पीक्यूआर काढला. काटकोन म्हणजे तू, म्हणाली. तुझ्या समोरची लांब बाजू, कर्ण, तो तुझा दादा. मग रचनेतला लंब कुठून निघणार?

गोपीनाथने कागद पुढ्यात ओढला. या खेपेला मान वाकडी केली नाही. मग पेन्सिल घेऊन त्याने काटकोनातून थेट कर्णापर्यंत सरळ रेघ ओढली.

"म्हणजे एबीसी ही नुसती नटांची नावं?"

"नुसती."

"हे आधी सांगायचं ना, टीचर."

त्यानंतर तालमीच्या हॉलच्या फरशीवर खडूचे त्रिकोण दिसू लागले, उभे, आडवे, उताणे. एकाच्या कोपऱ्यांवर मनुबाई, हौसाबाई आणि भागीरथी अशी नावं लिहिलेली. हौसाबाई आमच्या कपडेपटाच्या. आपल्याच कोपऱ्यात काटकोन का, यावरून त्या रुसल्या.

ऑक्टोबरच्या पेपरात प्रमेय आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच गोपीनाथ संवाद विसरला. सिद्धतेच्या मध्यावर पुढची ओळ आठवेना. तिथे प्रॉम्प्टर कुठला? त्याने काढलेल्या लंबाकडे पाहिलं, मोठ्या त्रिकोणात झालेले दोन लहान त्रिकोण पाहिले, कोणाचा कोन कोणासारखा ते जुळवलं आणि उरलेली सिद्धता आपल्या शब्दांत लिहून काढली. बाहेर आला तो पांढराफटक. पुस्तकातलं एक वाक्यही नाही लिहिलं, आये, म्हणाला. पुन्हा गेलो.

पण तो पास झाला. मशीनवर कायम झाला. पेढे द्यायला आला तेव्हा डोरोथीसमोर त्याने दोन्ही हात पसरून असा वाकून नमस्कार केला, की तिने उगाच टाळ्या वाजवल्या.

भोगलं ते आमच्या दिग्दर्शकाने, शिवरामने. पुढच्या नाटकापासून गोपीनाथ दर वाक्याला अडू लागला. हा इथेच का रडतो? आईला आधी का नाही सांगत? कारण पटल्याशिवाय तोंड उघडेना. शेवटी शिवराम एका संध्याकाळी डोरोथीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"टीचर, तेवढं परत पाठ करायला लावा त्याला."