मिरचीजवळून न हलणारी चन्नम्मा

मंगळवार पेठेतल्या चन्नम्माच्या चटणी-कांडपात एक नियम होता. तो कुणी पाटीवर लिहिलेला नव्हता, तरी सगळ्या बायका पाळत: मिरची टाकून घरी जायचं नाही. उन्हाळा लागला की बायका डबे घेऊन येत, नाकाला पदर बांधत आणि आपापल्या उखळापाशी उभ्या राहत. शिंकत, डोळे पुसत, पण तिथून हलत नसत. आपल्या ब्याडगीत शेजारणीची लवंगी मिसळेल, नाहीतर चन्नम्माच पसाभर बाजूला काढेल, असा प्रत्येकीला संशय. चन्नम्माला त्याचा राग येत नसे. लग्न होऊन निपाणीकडून आली तेव्हा सासूनं तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "गिऱ्हाईक आपल्यावर नजर ठेवतंय तोवर आपलं हाय. नजर काढली, की दुसरीकडं गेलं म्हणून समज."

सासू गेली, नवरा गेला, कांडप राहिलं आणि संशय राहिला. पुढं पुढं चन्नम्मा दूधवाल्याकडं, डॉक्टरकडं आणि देवळातल्या प्रसादाकडंही त्याच नजरेनं बघू लागली. यात तिचं फारसं चुकलं असं म्हणता येत नाही.

मग महापालिकेची नोटीस आली. समोरच्या नव्या अपार्टमेंटमधल्या लोकांना ठसका लागत होता. हा भाग रहिवासी विभागात असल्यानं कांडप बंद करा, नाहीतर औद्योगिक वसाहतीत न्या, असं त्यात होतं. दोन किलो मिरची घेऊन हायवेपल्याड कोणती बाई येणार होती? बंद करा आणि तिकडं न्या, या दोन्हींचा अर्थ एकच होता.

त्याच आठवड्यात सम्मेद मगदूम कांडपाच्या पायरीवर आले. शहरातल्या व्यापाऱ्यांच्या मंचाचे ते चिटणीस. ठसका लागलेलं अपार्टमेंटही त्यांनीच बांधलेलं.

"आक्का, हे नियमच जुने झालेत," ते रुमालातून म्हणाले. "रहिवासी भागात छोटे धंदे चालू द्या, अशी मंचाची मागणी आहे. सुनावणीला तुम्ही या. दोनच वाक्यं बोला."

"तुमी मोठी मानसं. मी कशाला?"

"आम्ही बोललो की म्हणतात, बिल्डर आले."

"म्हंजे मी पुढं बसायची, आनि बिल्डर मागं?"

सम्मेद हसले. हसण्यापुरता रुमाल खाली घेतला आणि सलग चार वेळा शिंकले.

"येते की," चन्नम्मा म्हणाली. "पर तुमी काय कांडताय ते उभी राहून बघनार. मिरची टाकून घरी जायाची मला सवय न्हाय."

सम्मेदना ही बोलण्याची तऱ्हा वाटली. दुसऱ्या दिवशी ती खरोखरच मंचाच्या ऑफिसात येऊन बसली, तेव्हा त्यांचा समज बदलला. पुढं ती रोज येऊ लागली. मागणीपत्र लिहिलं जाई, खोडलं जाई, चहा येई. चन्नम्मा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सगळं बघे. कुणी दबक्या आवाजात बोललं तर ती खुर्ची पुढं सरकवून घेई. तिला काहीच वावगं सापडेना. कांडप, पिठाची गिरणी, इस्त्रीचं दुकान सगळं यादीत होतं. माणसं खरं बोलत होती. त्यामुळंच तिला झोप लागेना.

धागा सापडला तो घरमालकाकडून. आप्पासो पाटील म्हणजे भाडं घ्यायलाही रस्त्यावरूनच हाक मारणारा माणूस. गल्लीत त्यांची अजून दोन घरं होती. एके दुपारी ते आत आले, पायरीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणाले, "काय वास सुटलाय, चन्नम्मा! झकास!"

तिनं त्यांच्याकडं नीट बघितलं. एवढ्या वर्षांत या माणसाला वास कधी आवडला नव्हता. जाताना आप्पासो दुकानाचा दर्शनी भाग पावलांनी मोजत होते.

संध्याकाळी तिनं ऑफिसातल्या भिंतीवरच्या नकाशापुढं सम्मेदना उभं केलं. रहिवासी भाग पिवळा होता, आणि मंचाच्या मागणीतले निळे पट्टे नुकतेच तिच्या गल्लीवर ओढलेले होते.

"ह्या पट्ट्यात मालकाचं काय हुतंय?"

"खाली दुकानं काढता येतात. जागेला भाव चढतो. चांगलंच की!"

"कुनाचं?"

फसवायचं सम्मेदच्या मनात नव्हतं. त्यांनी फक्त भाडेकरूपर्यंत विचार नेला नव्हता. चन्नम्माचा करार अकरा महिन्यांचा होता. नियम बदलला तर कांडप कायद्यात बसणार होतं, आणि कांडपाखालची जागा मोबाईलच्या दुकानाला जाणार होती.

"सुनावणीला मी येत न्हाय," ती म्हणाली.

"आक्का, परवा सुनावणी! तुमचं नाव दिलंय!"

"आप्पासोंना दहा वर्षांचा भाडेपट्टा करून द्यायला सांगा. नोंदनी करून. मग येते."

आप्पासोंनी आधी आवाज चढवला. "बाईनं मला काय भिकारी समजलंय व्हय?" मग सम्मेदनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "अण्णा, बाई बोलल्या न्हाईत तर पट्टे पुसले जातील. तुमची बाकीची दोन घरं त्यातच हाईत नव्हं?" आप्पासोंनी बराच वेळ मिशा ओढल्या. दुसऱ्या दिवशी नोंदणी ऑफिसात ते सही करत होते, आणि त्यांचा अंगठा मशीनवरून उचलला जाईपर्यंत चन्नम्मा त्यांच्या खांद्यामागं उभी होती.

सुनावणीत ती दोनच वाक्यं बोलली. नियम बदलायला अजून वेळ आहे म्हणतात. तोवर नोटिशीला स्थगिती मिळाली. कांडपाच्या तोंडाला धुरळा अडवायला जाड पडदा लावायची अट आली, आणि समोरचे लोक थोडं कमी शिंकू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात सम्मेद मगदूम पिशवी घेऊन आले. आईनं चटणीची मिरची पाठवली होती, त्यांच्या जैन घरच्या रीतीनं कांदा-लसणाशिवाय कांडायची.

"ठेवा हितं," चन्नम्मा म्हणाली. "धुतलेल्या उखळात करून घरी पाठवते. तुमास्नी ठसका सोसत न्हाय."

सम्मेदनी रुमाल काढला, नाकाला बांधला आणि उखळाशेजारी जागा धरली.

"न्हाय आक्का. थांबतो मी."

चन्नम्मानं त्यांच्याकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांना बसायला स्टूल दिलं.