कोरडे केस

दोन हजार सालची गोष्ट. सणसवाडीच्या एका वर्कशॉपात रॉकेटच्या पंपाची बेअरिंगं धुवायला बायका टिकत नसत. आत जाताना बांगड्या उतरवायच्या, कुंकू पुसायचं, केसांना तेलाचा थेंब नाही. बेअरिंगात कुंकवाचा कणही चालत नाही; आणि त्या पंपातून गोठवणारा, द्रव केलेला ऑक्सिजन जातो, त्याला तेल लागलं की भडका. "नवरा जिता असताना कुंकू कशापायी पुसू?" म्हणत बायका निघून जायच्या. कवठे येमाईची भागुबाई तेवढी राहिली. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, तिच्याकडं उतरवायला होतंच काय?

एका रविवारी दौंडला दिलेली लेक मोनाली खोलीवर आली. आईचे राठ केस बघून तिला राहवलं नाही. खोबरेलाची बाटली आणली, आणि "नगं गं" म्हणेस्तोवर चोळूनही झालं. सहा वर्षांत भागुबाईच्या डोक्यावरून कुणाचा हात फिरला नव्हता. ती गुमान बसून राहिली. लेक एसटीत बसल्यावर मात्र भागुबाई शिकेकाईनं तीनदा न्हाली.

गुरुवारी चाचणीत बेअरिंग जळालं. तेही चाचणीला ऑक्सिजनऐवजी वापरतात त्या द्रव नायट्रोजनच्या हाडं गोठवणाऱ्या गारव्यात. "धुण्यातच घाण राहिली," सुपरवायझर म्हणाला. भागुबाईनं इंजिनियर हर्षदा मॅडमना तेलाचं खरं ते सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, "खोलून बघते. तोवर घरी थांबा."

ती तडक एसटीडी बूथवर गेली. "तुझ्या तेलानं माझी भाकर गेली. पुन्यांदा माझ्या दारात येऊ नगंस." माणूस घाबरलं की आपल्याच माणसावर धावून जातं, दुसरं काय. मोनालीनं फोन ठेवून दिला.

तीन दिवसांनी मॅडमनी बोलावलं. "तेल नव्हतं, मावशी. गार करणारा द्रव कमी पडला. बेअरिंगची बाहेरची कडी गारठलेली, आतली मात्र घासून घासून तापली, फुगली. दोन्हींमधल्या पोलादी गोळ्यांना फिरायला जागाच उरली नाही. बाहेरून कळत नाही ते."

"न्हाई कळत," भागुबाई म्हणाली. काम टिकलं होतं. ती पुन्हा बूथवर गेली.

फोन विहीणबाईंनी घेतला. "मोनाली येत न्हाई फोनवर. म्हंती, आईला म्हणावं काम संभाळ."

दिवाळीला वर्कशॉप चार दिवस बंद. भागुबाईनं पहिल्या आंघोळीचा पाट मांडला. थंडीनं खोबरेल गोठलं होतं, ते उन्हात ठेवून पातळ केलं. दौंडची गाडी आली नि गेली, दुसरीही गेली. ऊन सरलं तसं खोबरेल पुन्हा घट्ट झालं. मग तिनं बोटानं उकरून ते आपल्याच तळहातावर घेतलं, विरघळू दिलं, आणि डोळे मिटून आपलंच डोकं चोळलं. हात आपलाच आहे, हे काही केल्या विसरता येईना.